दस्तीखालचा भाव

रविवार, दिवाळीनंतरचा पहिला. ठिकाण: लातूर, क्लासच्या नव्या इमारतीमागचं जुनं पत्र्याचं शेड. हजर: माजी विद्यार्थी, शेड भरून बाहेर उभे राहिले इतके, रसायनशास्त्राचे सर, काठी घेऊन, झेरॉक्सवाले शमीमभाई, संचालकांच्या जागी त्यांचा मुलगा, माझी मुलगी मुक्ता, नांदेडहून, आणि मी. गैरहजर: ज्यांच्यासाठी जमलो ते जीवशास्त्राचे सर. ते श्रावणात गेले.

ठरलं ते असं. शेड पाडायच्या आधी सरांच्या आठवणींचं एक छोटं पुस्तक काढायचं. छपाई शमीमभाईंकडे. फोटो आणि प्रुफं मुक्ताकडे. सरांवरचा मुख्य लेख माझ्याकडे. संचालकांचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्यांच्या बाजूच्याच टेबलावर बसायच्या. अन् तुमचं काम वेळेवर असतं." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी कोणी काढली नाही. त्या टेबलावर बसून मी इतकी वर्षं या माणसावर जळत होते. ते सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण ते वगळून मला सरांबद्दल एक पानही लिहिता येणार नाही.

आम्ही दोघंही जीवशास्त्र शिकवायचो. वनस्पती माझ्याकडे, प्राणी त्यांच्याकडे. भूकंपानंतरची ती वर्षं. तेव्हा लातूरमध्ये पालक फी विचारायच्या आधी छत विचारायचे. स्लॅबखाली पोरगं बसवायला कोणी तयार नव्हतं. म्हणून संचालकांनी पत्र्याचं शेड टाकलं, मधे प्लायवूडची भिंत घातली आणि क्लास असा चालला की नांदेड, नायगाव, उदगीरकडची मुलं खोल्या करून राहायला लागली. उन्हाळ्यात आत भट्टी, पावसात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा नाही. तरी दारात रांग.

माझा धडा ठरल्या दिवशी सुरू व्हायचा आणि ठरल्या दिवशी संपायचा. फळा मी डावीकडून उजवीकडे भरत जायची. माझ्यामुळे विद्यार्थ्यांना गुण मिळायचे, हे निकालाच्या कागदावर आहे. आठवण मात्र त्यांना सरांची राहायची. ती कुठल्या कागदावर नाही, तरी सगळ्यांना ठाऊक.

सर देवणीकडचे. घरात बैलांचा व्यवहार, वडील बाजारात दलाली करायचे. उंच, काटकुळे, आणि खांद्यावर कायम लाल चौकड्यांची दस्ती. रुमालाला आमच्याकडे दस्ती म्हणतात, पण सरांची दस्ती पंचाएवढी मोठी. तिने ते फळा पुसायचे आणि मग कपाळ पुसायचे, याच क्रमाने. दुपारपर्यंत त्यांच्या कपाळावर खडूचे पट्टे उठलेले असायचे. मी एकदा सांगितलं, "सर, क्रम बदला. आधी कपाळ, मग फळा." ते म्हणाले, "मग फळा ओला होईल ना मॅडम." अशी त्यांची बरीच उत्तरं होती.

कुठलीही वस्तू ते तीनदा बघायचे. जवळून, मधून, लांबून. हे त्यांचे तीन शब्द. उत्तरपत्रिका आधी नाकाला लावायची, मग हातभर लांब धरायची, मग भिंतीला टाचणीने लावून दारात जाऊन उभं राहायचं. "जवळून अक्षर दिसतं, मधून वाक्य दिसतं, लांबून पोरगं दिसतं." माझ्याकडे जेवायला आले तेव्हा ताटाचंही हेच केलं. वाकून भाकरी बघितली, मागे सरकून ताट बघितलं आणि मग उठून ओट्याजवळ गेले. माझ्या नवऱ्याला वाटलं, ते हात धुवायला निघाले.

हे सगळं त्यांच्या एका धड्यासाठी होतं. मज्जासंस्था. परीक्षेत त्यावर प्रश्न ते कितीसे यायचे, पण सरांना तो धडा आठवडेच्या आठवडे पुरायचा. मग उत्सर्जन आणि पचन राहून जायचं आणि संचालक ते माझ्याकडे द्यायचे. मी ते पूर्ण करायची. आभार मानायला सर विसरायचे. माझ्या ते लक्षात राहायचं.

"मेंदू विचार करतो" असं कोणी लिहिलं की सर गुण कापायचे. पोरगं भांडायला यायचं. "पुस्तकात असंच हाय सर." सर म्हणायचे, "हाव," हो ऐवजी ते हाव म्हणायचे, "पण त्यात कोण करून राहिलं विचार? पेशी? पेशीला काय कळतंय रे? तिला एक टिचकी मारता येते, न्हाई तर गप बसता येतं. तुझं नावबी तिला ठाऊक न्हाई. अन् अशा न कळणाऱ्यांचा घोळका जमला की त्यात आई आठवते, गणित सुटतं, पोरगी आवडते. ते कुठून आलं ते सांग, मग देतो मार्क." वर्ग हसून बेजार. प्लायवूडच्या अलीकडे माझे विद्यार्थी प्रकाशसंश्लेषण लिहून घेत असायचे आणि कान पलीकडे असायचे. मला ते दिसायचं.

शमीमभाईंना सरांनी एकदा असंच कामाला लावलं होतं. मेंदूचं चित्र नेऊन दिलं आणि म्हणाले, मोठं करा. मोठं झालेलं पुन्हा मोठं करा. मग त्यातलाच एक कोपरा मोठा करा. दुकानात गिऱ्हाइकं ताटकळत होती. शमीमभाईंच्या घराण्याचं लातूरमध्ये कित्येक पिढ्यांचं छपाईचं काम, कागदाची नासाडी त्यांना सोसत नाही. शेवटी ते म्हणाले, "सर, अब कुछ नहीं रहा इसमें. काळे ठिपके हायेत नुसते." सर खूश. ते सगळे कागद त्यांनी शेडमध्ये दोरीवर ओळीने वाळत घातले आणि मुलांना विचारलं, "कोणत्या कागदावर मेंदू संपला अन् ठिपके सुरू झाले? तिथं जाऊन उभं राहा."

प्रत्येक जण वेगळ्या कागदाखाली उभा राहिला. वाद पेटला. माझी मुक्ता तेव्हा अकरावीत, त्याच क्लासला. ती कुठल्याच कागदाखाली उभी राहिली नाही. ती दोन कागदांच्या मधल्या दोरीखाली उभी राहिली. तिला बघून सरांनी दस्ती खांद्यावरून काढून पुन्हा खांद्यावर टाकली. संध्याकाळी घरी मुक्ता तेच सांगत होती. मी पोळ्या लाटत विचारलं, "माझ्या तासाला काय झालं?" म्हणाली, "मूळ, खोड, पान." बरोबर होतं. तेच झालं होतं.

भूकंपानंतर बरीच वर्षं लातूरला पळायची सवय होती. भांडं पडलं तरी माणसं आधी अंगणात जायची आणि मग विचारायची. एकदा दुपारी आमच्या शेडमध्ये बाक कुरकुरलं की कोणी पाय आपटला, कळलं नाही. दोन्ही बाजूंचे वर्ग एका दमात बाहेर. जमीन हलली नव्हतीच. मी हजेरी घेऊन सगळे आहेत याची खात्री केली. हे काम कोणीतरी करावं लागतं. तोवर सर हातपंपाच्या ओट्यावर चढले होते.

"पहिलं कोण उठलं?" त्यांनी विचारलं.

एकाने दुसऱ्याकडे बोट केलं. दुसऱ्याने तिसरीकडे. तिसरी म्हणाली, "मी ह्याला बघून उठले सर." बोटं फिरत फिरत पुन्हा पहिल्याकडे आली.

"बघा," सर म्हणाले. "पहिला पाय कोणाचा, ते सापडून राहिलं का? न्हाई. तुमच्यातल्या कोणीच पळायचं ठरवलं न्हाई. पण शेडनं ठरवलं. शेड पळालं. आता कोणी एकाएकाचा पाय तपासत बसला, तर त्याला पळापळ सापडायची न्हाई. अन् नुसतं लांबून शेड बघत बसला, तर पाय सापडायचे न्हाईत. दोन्ही बघा. मधलंबी बघा, कोणाच्या शेजारी कोण बसलं होतं."

भूकंपाच्या भीतीत वाढलेली ती मुलं. त्यातली काही किल्लारीकडची होती. त्या दुपारी ती स्वतःच्या पळण्यावर हसली. मी "आत चला, वर्ग राहिलाय" म्हणून दोनदा हाक मारली. माझ्या वर्गातला एकही जण हलला नाही. उन्हात तासभर उभे राहिले. माझं वेळापत्रक तिथून जे घसरलं ते चाचणीपर्यंत सावरलं नाही.

मग गुरांच्या बाजाराचं प्रकरण. एका बाजाराच्या दिवशी सरांचा अख्खा वर्ग गायब. फळ्यावर लिहिलेलं, "आजचा तास बैलांत." न विचारता एसटीने देवणीच्या बाजूला घेऊन गेले होते. मुलं संध्याकाळी शेणाने माखलेल्या चपला घेऊन परत आली, खूश. पालकांचे फोन आले. संचालक मला म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षीपासून ह्ये तुम्ही लावून द्या. त्यांच्या भरवशावर पोरं सोडता येत न्हाईत."

मी लावून दिलं. पालकांच्या सह्या, मुलांचे गट, गटप्रमुख, पिण्याचं पाणी, पुरीभाजीची पाकिटं, जुन्या चपला घालून यायची सूचना. दुसऱ्या वर्षी सगळं वेळेवर निघालं आणि वेळेवर पोहोचलं. मुक्ताही त्या गटात होती.

गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल विकणाऱ्याचा हात हातात घेतो, वर दस्ती टाकतो आणि आत बोटं दाबून भाव सांगतो. कोणतं बोट, किती बोटं, पेर धरलं की पंजा, त्यावर आकडा ठरतो. मग तोच दलाल घेणाऱ्याकडे जातो. वरून बघणाऱ्याला फक्त हलणारं कापड दिसतं. तोंडाने ते पावसापाण्याचं बोलत असतात.

सरांनी मुलांना आधी जवळ नेलं. मग थोडं मागे, एका कडुलिंबाखाली, जिथे पाच-सहा दलाल उभे होते. एका दस्तीखालचा व्यवहार जमला, दावं या हातातून त्या हातात गेलं, की बाकीच्यांच्या दस्त्यांखालची हालचाल बदलायची. आकडा कोणी उच्चारलेला नसायचा. मग सरांनी सगळ्यांना एका रिकाम्या ट्रकवर चढवलं. तिथून पूर्ण बाजार दिसत होता, काळ्या-पांढऱ्या जनावरांचा.

"एकेका दस्तीखाली दोनच हात," ते म्हणाले. "त्या हातांना बाजार दिसत न्हाई. तरी दुपारपर्यंत आजचा भाव सगळ्यांना ठाऊक होतो. कोणी ओरडलं का? न्हाई. कुठं लिहिला का? न्हाई. मग भाव हाय कुठं?"

"बोटात," एक जण म्हणाला.

"बोटात नुसता दाब हाय."

"दलालाच्या डोक्यात."

"ह्यो दलाल आज आलाच नसता तर? बाजार भरलाच असता, भावबी निघाला असता." मग खाली बोट दाखवून म्हणाले, "अन् निघालेला भाव वरच राहत न्हाई. तो पुन्हा दस्तीखाली उतरतो. आता जो हात आत जाईल, त्याच्यावर आजच्या भावाचं वजन असेल. खालून वर, वरून खाली. दोन्ही संगंच चाललंय. तुमच्या टाळूखाली आत्ता ह्येच होऊन राहिलंय."

मी ट्रकजवळ खाली उभी होते. खरं सांगते, मला त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवून कळलं नव्हतं ते, शेणाच्या वासात, दुसऱ्याच्या तासाला कळलं. त्याचाच मला राग आला.

मग माझा गट पुन्हा जवळून बघायला गेला तेव्हा मागच्या मुली म्हणाल्या, "मॅडम, काही दिसत नाही." मल्लप्पामामा नावाचे म्हातारे दलाल होते, सरांच्या ओळखीचे. त्यांचा सौदा अगदी रंगात आला होता. मी म्हटलं, "मामा, दस्ती जरा वर करा ना. मुलांना बोटं दिसत नाहीत."

मामांनी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. "बेडा, मॅडम, बेडा." नको, नको. त्यांच्या कानडीतलं एवढं मला कळलं. विकणाऱ्याने बैलाचं दावं सोडलं आणि तो बैल घेऊन निघून गेला. लिंबाखालचे बाकीचेही थांबले, माझ्याकडे बघायला लागले. मामा म्हणाले, "झाकलेलं हाय म्हणून तर दोघांची अब्रू हाय, बाई. उघड्यावर आकडा आला की त्या गड्याचा बैल आज इथं कोणी घेत न्हाई."

सर ट्रकवरून उतरून आले. ते आता चारचौघांत बोलतील असं मला वाटलं. बोलले असते तर बरं झालं असतं. ते मुलांकडे वळून म्हणाले, "मॅडमनी आज लई मोठा प्रयोग केला. आत काय चाललंय ते बघायला झाकण काढलं, अन् चाललेलं थांबलं. मेंदूचं बघणाऱ्यांची हीच अडचण हाय. लिहून घ्या."

मुलांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. पण लिहून घेताना प्रत्येकाने "सर म्हणाले" असंच लिहिलं. माझी चूकसुद्धा त्यांच्या नावावर जमा झाली.

येताना एसटीत मुली ओढणीखाली एकमेकींची बोटं दाबत बसल्या होत्या. मल्लप्पामामांनी मनावर न घेता दुपारी सगळ्यांना तो हिशेब शिकवला होता. मी तेव्हा लांब जाऊन बसले होते. मुक्ता माझ्याजवळ आली. "आई, हात दे ना. तुला शिकवते." मी उरलेली पाकिटं आवरत होते. म्हटलं, "नंतर."

त्या मुलांचा निकाल लागला. सत्कार झाला. माझ्या विषयात पैकीच्या पैकी मिळवलेली मुलगी माइकसमोर उभी राहून म्हणाली, "सरांमुळे मी विचार करायला शिकले." मी तिला माझ्या घरी बोलावून उजळणी घेतली होती. मी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राचे सर होते, चहावाला होता आणि आम्ही दोघं. मी विचारून टाकलं. "सर, एक सांगा. माझ्या शिकवण्याला शंभरातले किती द्याल?"

मी हे सहज विचारल्यासारखं दाखवलं. सहज नव्हतं. संचालक माझं कौतुक करायचे, पालक करायचे. मला ते कौतुक नको होतं. ज्याच्यावर जळत होते त्याच माणसाकडून मला आकडा हवा होता.

सरांनी वाकून माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची मागे सरकवून बघितलं. मग उठून दारापर्यंत गेले आणि तिथून बघितलं. रसायनशास्त्राचे सर हसायला लागले. "अहो, मॅडम म्हणजे उत्तरपत्रिका हायेत का?"

सर परत येऊन बसले. म्हणाले, "मॅडम, भाव उघड्यावर सांगत नसतात." त्यांनी उजव्या हातावर दस्ती टाकली आणि हात पुढे केला. "हात द्या, सांगतो."

लातूरमधली स्टाफरूम, लग्न झालेली बाई, दोन पुरुष बघत असलेले. "काहीतरीच काय सर," म्हणून मी हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेले. तिथे दुसऱ्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं. पण प्रश्न मी विचारला होता आणि उत्तर तयार होतं. हे मला त्या दिवसापासून सुटलं नाही. सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही. टेबलं शेजारीच होती.

मग स्लॅबची भीती गेली. चार मजले उभे राहिले, प्रोजेक्टरचे पडदे आले, धडे तासांत मोजले जाऊ लागले. सरांना सांगण्यात आलं की मज्जासंस्था दोन तासांत संपवा, चित्रं तयार आहेत. ते भांडले नाहीत. एक दिवस दस्ती घेऊन नांदेडला बहिणीकडे राहायला गेले आणि तिथल्या एका लहान कॉलेजात शिकवू लागले. संचालकांनी जीवशास्त्र विभाग माझ्याकडे दिला. विभाग व्यवस्थित चालला. माझ्या टेबलाशेजारचं टेबल मी तिथून हलवून घेतलं.

पण मुक्ता नांदेडलाच डॉक्टरकी शिकत होती. दर रविवारी फोन: "आई, आज सरांकडे गेले होते." मी तिला डबा पाठवायची. तिने सांगितलं, "सरांना तुझी शेंगाचटणी फार आवडली." पुढच्या डब्यात मी चटणी कमी घातली. पुढे तिने मेंदूचंच शिक्षण घ्यायचं ठरवलं. मी विचारलं, "वनस्पती तुला इतक्या चांगल्या यायच्या, तरी हेच का?" ती म्हणाली, "आई, तू शिकवलेलं मला सगळं पाठ आहे. सरांनी शिकवलेलं अजून कळायचंय." ती हे प्रेमाने म्हणाली होती. मी फोन ठेवला आणि कपाट आवरायला काढलं.

वैशाखात तिचाच फोन आला. सरांना झटका आला होता. मी गाडीने नांदेडला गेले. ती मला आधी तिच्या दवाखान्यात घेऊन गेली, मेंदूची फिल्म उजेडावर लावली. डाव्या बाजूला लिंबाएवढा डाग.

"इथून शब्द बाहेर निघतात, आई. ती जागा गेली. उजवा हातही गेला. तोंडातून एकच शब्द येतो, हाव. पण समजतं बऱ्यापैकी."

"आणि विचार?" मी विचारलं.

मुक्ताने फिल्म जवळून बघितली. मग मागे सरकून बघितली. मग दारात जाऊन उभी राहिली. मला तिच्या जागी सरच दिसले. "विचार एका जागी नसतो गं," ती दारातून म्हणाली. "बाजार लहान झालाय. उठलेला नाही."

सर बहिणीच्या घरी खिडकीजवळ कॉटवर होते. दस्ती गळ्यात होती. मी त्यांना मुद्देसूद सांगितलं: शेड अजून उभं आहे, शमीमभाईंनी रंगीत मशीन घेतलं, रसायनशास्त्राच्या सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. प्रत्येक गोष्टीवर "हाव." मुक्ता औषधांचं समजावून सांगायला त्यांच्या बहिणीबरोबर आत गेली.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. सरांनी डाव्या हाताने गळ्यातली दस्ती ओढली. बराच वेळ लागला. ती त्यांनी कॉटच्या कडेवर ठेवलेल्या माझ्या हातावर टाकली आणि आपला हात आत घातला.

या वेळी मी हात काढला नाही.

त्यांनी माझी दोन बोटं एकत्र धरली आणि दाबली. मग पूर्ण पंजा. मग मधल्या बोटाचं पेर, अंगठ्याने. थांबले. मग पुन्हा तेच, त्याच क्रमाने. तोंड खिडकीकडे होतं, बाजारातल्या दलालाचं असतं तसं. मग म्हणाले, "हाव."

मुक्ता बाहेर आली. "काय चाललंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "पाऊस येईलसं वाटतंय, असं मी म्हणत होते."

तिने दस्ती उचलली, सरांचं तोंड पुसलं आणि पुन्हा गळ्यात नीट गुंडाळून ठेवली.

तर उत्तर माझ्याकडे आहे आणि मला ते वाचता येत नाही. दोन बोटं, पंजा, पेर. भाजी चिरताना, बसमध्ये, डाव्या हाताने उजवा हात धरून मी ते पुन्हा पुन्हा दाबून बघते, विसरू नये म्हणून. मल्लप्पामामा कधीच गेले. एखाद्या बाजाराच्या दिवशी दुसऱ्या दलालापुढे हात करता येईल, पण सरांनी डाव्या हाताने सांगितलेला भाव तो कसा लावेल? मुक्ता तो हिशेब शिकलीय, ती एका मिनिटात सांगेल.

रविवारी शेडमध्ये ती माझ्या शेजारीच बसली होती. शमीमभाईंनी मेंदूचे ते जुने कागद पुन्हा दोरीवर लावले होते. सरांच्या रिकाम्या खुर्चीवर मुक्ताने त्यांची दस्ती घातली होती. सरांच्या बहिणीने ती तिला दिली आहे. सरांचं सगळं तिच्याचकडे आहे. कार्यक्रम संपल्यावर ती दस्ती घडी करता करता म्हणाली, "आई, तुझं काही राहिलं का इथे?" मी म्हटलं, "नाही."

न विचारण्याची कारणं मी मांडून बघितली आहेत. आकडा कमी असेल. आकडा मोठा असेल, आणि मग इतकी वर्षं मी कशासाठी जळले? किंवा मुक्ता डॉक्टरसारखी म्हणेल की झटक्यानंतर हात असा चाळा करतो, त्यात काही नसतं. ही तिन्ही कारणं खरी आहेत, पण मला अडवणारं चौथंच आहे. सरांची ही एकच गोष्ट अशी आहे जी मुक्ताकडे नाही. तिला विचारली की ती तिचीही होईल.

आता बाकी कामं. पाहुण्यांना आभाराचे फोन, झाले. फोटो मुक्ताकडे, पोहोचले. रसायनशास्त्राच्या सरांची आठवण त्यांच्या तोंडून लिहून घेतली, शमीमभाईंना दिली. हा लेखही आठ दिवस झाले तयार आहे. शमीमभाईंचा दोनदा निरोप आला. "मॅडम, तुमचंच अडलंय, ऐसा कभी हुआ नहीं." लेख त्यांच्याकडे गेला की प्रुफं मुक्ताकडे जाणार. ती वाचणार, नांदेडहून निघून येणार आणि म्हणणार, "आई, हात दे."

कागद पिशवीत घालून दाराशी ठेवले आहेत. नेऊन द्यायचे राहिलेत.